आधी वाकायला शिकू, मग वर्गाला जाऊ?

ताई, नमस्कार. वय 53, राहणार पाचपाखाडी, नोकरी फोर्टला. पंचवीस वर्षं लोकलमध्ये उभं राहायचं आणि ऑफिसात बसायचं, एवढाच व्यायाम. गेल्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत हौसेने पंगतीला खाली बसलो. उठताना दोघांनी हात दिला तेव्हा उठलो. ते पाहून सौ.ने मला न विचारता घराजवळच्या योगवर्गात माझं नाव घातलं. एक तारखेपासून, सकाळी सव्वासहाची तुकडी. पैसेही भरून टाकले. माझं वजन 91 किलो, चार वर्षं बीपीची गोळी चालू, साखर काठावर. वाकलो तर हात गुडघ्याच्या खाली जात नाहीत. तुकडीत बायकाच जास्त आहेत म्हणे, माझं हसं होईल. म्हणून विचार करतोय की आधी महिना-दोन महिने घरीच व्हिडिओ लावून अंग मोकळं करावं, पाच-सात किलो उतरवावेत आणि मग जावं. मी देवधर्म मानत नाही, तिथे ओंकार म्हणावाच लागतो का? आणि चहाशिवाय माझं इंजिन सुरू होत नाही, त्याचं काय? सौ. मला ‘लाकूड’ म्हणते, तेच नाव छापा.
— लाकूड, पाचपाखाडी

लाकूडराव, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली. कामवाल्या बाई यायच्या आधी ती घाईघाईने स्वतःच केर काढून घ्यायची. का, तर बाईंना घर अस्वच्छ दिसायला नको. तुमचा दोन महिन्यांचा बेत त्याच जातीचा आहे. वाकता येत नाही म्हणून तर वर्ग लावलाय ना? मग वाकायला शिकून वर्गाला कशाला जायचं?

त्या व्हिडिओंबद्दल माझं मत जरा कडक आहे. व्हिडिओतला शिक्षक तुम्हाला दिसतो, पण तुम्ही त्याला दिसत नाही. तुमचा खांदा कानाला चिकटलाय, तुम्ही श्वास कोंडून लालबुंद झालाय, गुडघा आतल्या बाजूला कलतोय, हे तो कुठून सांगणार? चार महिने वर्ग करून झाल्यावर घरी सराव करायला खुशाल लावा. सुरुवात मात्र ज्याला तुम्ही दिसता अशा माणसासमोर करा. वजन कमी करून मग जायचं, हेही मनातून काढा. नुसत्या आसनांनी वजन भराभर उतरत नाही, ते काम ताटापाशी होतं. अंग मोकळं होणं, तोल सुधारणं, श्वास लांबणं आणि खाली बसून आपलं आपण उठता येणं, हे मात्र 91 किलोलाही जमतं.

तर एक तारखेला जा. जाण्यापूर्वी तयारी एकच करा: शिक्षकांना स्वतःबद्दल खरं सांगायची. हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा वर्ग लावला तेव्हा फॉर्म भरायला दिला होता. ‘आजार अथवा शस्त्रक्रिया’ असा रकाना होता, त्यात मी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं. मानेच्या मणक्यांचं दुखणं आदल्याच वर्षी निघालं होतं, पण मला वाटलं, लिहिलं तर मागच्या रांगेत म्हाताऱ्यांबरोबर बसवतील. पहिल्याच आठवड्यात हलासन आलं. नवीन लोकांना ‘तुम्ही नुसतं पाहा’ असं सांगितलं होतं. माझ्या शेजारच्या चटईवर सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, पाय अलगद उचलले आणि डोक्यामागे असे टेकवले की जणू पाटावर ताट ठेवतायत. मला राहवेना. मीही हिसका देऊन पाय मागे टाकले. मानेत ‘कट्ट’ असा आवाज झाला, तो मला आजही ऐकू येतो. तीन आठवडे गळ्यात पट्टा. गोखले रोडवर भाजी आणायला गेले की निम्मं नौपाडा विचारायचं, काय झालं? चूक शिक्षकांची नव्हती. खोटं मी लिहिलं होतं आणि शेजारच्या चटईवर नजरही माझीच गेली होती.

म्हणून पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा आणि शिक्षकांना बाजूला घेऊन सांगा: बीपी आहे, ही गोळी घेतो, साखर काठावर आहे, खाली बसून उठता येत नाही. हर्निया, मणक्यातली गादी सरकलेली, काचबिंदू, चक्कर येणं, कुठलं जुनं ऑपरेशन, यातलं काही असेल तर तेही. काचबिंदूचा आसनांशी काय संबंध असं लोकांना वाटतं, पण डोकं खाली आणि पाय वर गेले की डोळ्यांतला दाब वाढतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी एकदा तुमच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. ‘योग करू का?’ एवढंच विचारलंत तर ते ‘करा, चांगलं आहे’ म्हणतील आणि पुढच्या पेशंटला बोलावतील. नेमकं विचारा: डोकं खाली करून वाकलं तर चालेल का, जोराच्या श्वसनाचे प्रकार चालतील का, गोळी वर्गाआधी घ्यायची की नंतर. योग सुरू केला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती कधी कमी करायची हे डॉक्टर मोजून ठरवतील.

बीपी असलेल्या नव्या माणसाने शीर्षासन, सर्वांगासन, श्वास रोखून धरणं, भात्यासारखा श्वास चालवायची भस्त्रिका आणि पोटाला झटके देत श्वास बाहेर फेकायची जोरजोरातली कपालभाती यांच्या वाटेला जाऊ नये. शिक्षक जाणकार असतील तर ते स्वतःच सांगतील, ‘काका, तुम्ही हे करू नका, नुसते शांत श्वास घ्या.’ तुमच्या आजाराची चौकशीच केली नाही आणि पहिल्याच दिवशी सगळ्या तुकडीला फटाफटा कपालभाती करायला लावली, तर भरलेले पैसे विसरा आणि दुसरा वर्ग शोधा. ठाण्यात वर्गांना तोटा नाही. नौपाड्यातलं घंटाळी मित्र मंडळ तर कित्येक दशकं हेच काम करतंय. वर्ग निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा शिक्षक तासभर कुठे असतात ते मी बघते. पुढे बसून स्वतःच आसनं करत असतात, की रांगांमधून फिरून लोकांकडे बघत असतात? पाठीवर हात ठेवून दाबणारे शिक्षकही भेटतील. ‘दाबू नका, तोंडी सांगा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता तुमच्या पंगतीकडे येते, कारण खरं दुखणं तिथेच आहे. मांडी घालता येत नाही याचं खापर आपण गुडघ्यावर फोडतो, पण बहुतेक वेळा दोषी असतो तो खुबा. आपण डायनिंग टेबलावर जेवतो, कमोडवर बसतो, खुर्चीत काम करतो. खुब्याला बाहेरच्या बाजूला फिरायची सवयच राहत नाही. मग मांडी घातली की खुबा फिरत नाही आणि तो पीळ येतो गुडघ्यावर. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा, पुढे-मागे हलणारा. त्याला पीळ सोसत नाही. शिवाय मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की ते कंबर मागे खेचतात, पाठीला पोक येतं आणि पाच मिनिटांत माणूस हातावर रेलतो. आज रात्रीच करून बघा. जाड चादर घ्या, तिच्या घड्या घालून चार बोटं उंच बैठक करा आणि तिच्या कडेवर बसा. पाय पुढे मोकळेच असू द्यात, फक्त बैठक वर. मग मांडी घाला आणि गुडघे बघा. कमरेपेक्षा वर तरंगत असतील तर आणखी एक घडी वाढवा. गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ आपोआप सरळ होते, ओढूनताणून करावी लागत नाही. वर्गातही हीच चादर न्या. वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसताना ती पोटरी आणि मांडीच्या मध्ये ठेवता येते. तरी गुडघा कुरकुरला तर वज्रासन सोडून द्या, खुर्ची मागा.

खुर्ची मागायची लाज वाटेल, माहीत आहे. पण योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात योग शिकवायला आले आणि पुढे ज्या पद्धतीसाठी जगभर ओळखले गेले, तिच्यात लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, उशा, भिंत आणि घडीची खुर्ची यांचा सर्रास वापर आहे. ते स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी पोखरलेले होते. धडधाकट माणसांसाठीच योग असता तर त्यांना कोणी दारातही उभं केलं नसतं.

पहिल्या दिवशी होतं काय, हे माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. चपला-बूट जिन्यापाशी. मोजेही काढून ठेवा, गुळगुळीत लादीवर मोजे घालून ताडासनात टाचा उचलल्यात तर थेट शेजाऱ्याच्या चटईवर जाल. मग प्रार्थना किंवा दोन मिनिटं शांत बसणं. मग मान, खांदे, मनगटं, घोटे फिरवायचे सूक्ष्म व्यायाम. हे बघून तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी पाचला उठलो? पण पहिला आठवडा यातच जावा असं मी म्हणेन. पुढे ताडासन, पाठीवर झोपून पाय उचलणं, पोटावर झोपून भुजंगासन, पवनमुक्तासन, शेवटी शवासन आणि श्वास न रोखता साधं अनुलोम-विलोम, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास. पवनमुक्तासनाबद्दल एक सांगून ठेवते, कारण कोणी सांगत नाही: त्याचं नाव उगाच पडलेलं नाही. आमच्या तुकडीत हे सगळ्यांचं कधी ना कधी झालंय आणि कोणीही मान वळवत नाही. शवासनात घोरणं तर इतकं नित्याचं आहे की एक आजोबा घोरले नाहीत तर आम्ही काळजीत पडतो.

शाळेत आपण सगळ्यांनी सूर्यनमस्कार घातलेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा एवढा प्रसार केला की महाराष्ट्रात ते व्यायामाचं दुसरं नावच झालं. म्हणून तुमच्या वयाचे पुरुष पहिल्याच दिवशी ‘बारा तर घालतोच’ म्हणून पुढे सरसावतात. तुम्ही थांबा. त्यात डोकं पुन्हा पुन्हा खाली जातं आणि वर येतं, बीपीच्या माणसाला त्याने गरगरतं. 91 किलोचा भार मनगटांवर आणि कमरेवर येतो तो वेगळाच. दोन-तीन महिन्यांनी शिक्षक म्हणाले की दोनापासून सुरू करा, तेही सावकाश.

आता दुखण्याचं. आसनात दोन वेगळी दुखणी असतात आणि ती ओळखता आली पाहिजेत. मांडीच्या मागे, पोटरीत पसरलेली रुंद ओढ बसली तर ठीक, तिथेच थांबून श्वास सोडत राहा. पण सांध्यात सुईसारखी कळ आली, पाठीत चमक भरली, हातापायाला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आसन सोडायचं. शिक्षकांनी ‘आणखी थोडं’ म्हटलं तरी सोडायचं. छातीत दाब किंवा दुखणं जाणवलं तर वर्ग तिथेच थांबवून सरळ दवाखाना गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबेल, जिना उतरताना मांड्या बोलतील. ते दोन-तीन दिवसांत जातं. त्यासाठी घरी बसू नका, फक्त जरा हलकं करा. श्वास कोंडला गेलाय का हे तपासायची माझी युक्ती अशी: आसनात असताना मनातल्या मनात नाही, पुटपुटत स्वतःचं नाव घ्यायचं. घेता आलं नाही तर तुम्ही ताकदीबाहेर गेलात. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे जे स्थिर आणि सुखाचं ते आसन, अशी दोनच शब्दांत मिटवली आहे, त्यातला सुख हा शब्द सव्वासहाच्या तुकडीत लोक हमखास विसरतात.

चहाचं तुम्ही फारच जिव्हाळ्याने विचारलंय. रिकाम्या पोटी करायचं हा नियम खरा. भरल्या पोटावर वाकलं की अन्न घशाशी येतं, आंबट ढेकर येतात आणि श्वास पुरत नाही. पूर्ण जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्यायचे, हलक्या खाण्यानंतर तास-दीड तास. पण पावणेसहाला घेतलेल्या अर्ध्या कप चहाने योग बुडत नाही. बिस्किटं नकोत. खरा प्रश्न तुमच्या रात्रीच्या जेवणाचा आहे. फोर्टहून येऊन तुम्ही साडेनऊला जेवत असणार, त्यावर दहीभात, त्यावर बातम्या. ते जेवण जरा हलकं करा. सकाळचं पोट रात्री ठरतं. पुढेमागे संध्याकाळची तुकडी घेतलीत तर स्टेशनाबाहेरचा वडापाव वर्ग सुटल्यावर. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं, तर मात्र रिकाम्या पोटाचा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळायचा नाही, साखर एकदम उतरू शकते.

चटई पहिल्या दिवशी विकत घेऊ नका, पण वर्गातली सगळ्यांची म्हणून असलेलीही वापरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात तिला कुबट वास येतो आणि त्या वासात दीर्घ श्वास घेण्यात शहाणपण नाही. घरची सतरंजी न्या. ती लादीवर सरकते, म्हणून उभ्याची आसनं सतरंजीवरून उतरून अनवाणी लादीवर करा. आठवडाभराने घ्याल तेव्हा चार ते सहा मिलिमीटर जाडीची घ्या. दुकानदार स्पंजसारखी मऊ दाखवेल, तिच्यावर एका पायावर उभं राहिलं की घोटा डुलतो. एक सुती पंचा जवळ ठेवा, ठाण्याच्या दमट हवेत तळहात घामाने निसटतात. कपडे: जुना सुती टी-शर्ट आणि नाडीची सैल पँट. टी-शर्ट लांब असू द्या, हात वर केले की पोट उघडं पडतं आणि मग सगळं लक्ष तो खाली ओढण्यात जातं.

ओंकार म्हणावाच लागतो असं नाही. सगळे म्हणतील तेव्हा डोळे मिटून स्वस्थ बसा, कोणी हजेरी घेत नाही. पण म्हटलात तर श्वास सोडणं आपसूक लांबतं, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला की अंग शांत व्हायला लागतं. यात देव आणायची गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, तिथे पोटाचे स्नायू घुसळायच्या नौलीसारख्या क्रिया करताना पोटात काय होतं हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजून बघायला घेतलं. तुमच्यासारख्या शंकेखोरांसाठी शंभर वर्षांपूर्वीच दार उघडून ठेवलंय. उलट मंत्र-तंत्र झाडून ‘या आसनाने अमुक आजार मुळापासून जातो’ असं कोणी सांगायला लागलं, की तुमची शंका जरूर जागी ठेवा.

राहिलं हसं. सव्वासहाला येणाऱ्या बायका घरचा डबा भरून, गॅसवर वरण ठेवून आलेल्या असतात. त्यांना तुमच्या हाताची बोटं कुठवर पोचली हे बघायला वेळ नसतो. डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच असतात, उघडे असतात तेव्हा घड्याळावर. त्या बोलतील मात्र. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, त्यात अति खाणं पहिलं, अति खटाटोप दुसरा आणि नुसती बडबड तिसरी. आमच्या तुकडीचं नाव या तिसरीत निघालेलं आहे. सहांमध्ये नियमांचा अतिरेकी हट्टसुद्धा आहे, हे मुद्दाम सांगते. एखाद्या दिवशी लोकल लवकरची असेल, झोप झाली नसेल, तर वर्ग बुडू द्या. दुसऱ्या दिवशी जा.

शेवटची गोष्ट शवासनाची. ऑफिसची घाई असली तरी ते सोडून पळू नका. संपल्यावर ताडकन उठून बसायचं नाही. बीपीची गोळी चालू असताना झोपेतून झटक्यात उठलं की भोवळ येते. आधी हातपाय हलवा, एका कुशीवर वळा, चार-पाच श्वास तसेच पडून राहा, मग वरचा हात जमिनीवर टेकवून त्याच्या जोरावर बसा. थोडं बसून मग उभे राहा. मुंजीच्या पंगतीतून उठायची रीतही हीच आहे, कुशीवर वळण्याचं तेवढं सोडून: एक हात जमिनीवर, एक पाऊल पुढे, आणि श्वास सोडत वर.

ता. क. वहिनी, हे पत्र तुम्ही वाचणारच म्हणून लिहिते. तुम्हीही त्याच तुकडीत असाल तर तुमची चटई त्यांच्यापासून निदान दोन रांगा लांब घाला, आणि घरी आल्यावर पहिला महिनाभर ‘वाकून दाखवा बघू’ म्हणू नका.